खाली १ पासून सुरू करणे

देवासच्या मराठी स्नेहवर्धक मंडळाला सन २००१ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. पन्नास वर्षांत मंडळात फक्त दोनच गट पडले, यावरून आपसांतला स्नेह किती वाढला होता ते कळते. सुवर्णमहोत्सवानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, आणि ठराव क्रमांक सातने असे जाहीर झाले की, सभासदांच्या जुन्या नोंदवहीला वाळवी लागली असल्याने स्मरणिकेच्या शेवटी छापली जाणारी यादीच यापुढे अधिकृत समजावी. त्या यादीत ज्याच्या नावापुढे जो क्रमांक छापला जाईल तोच त्याचा सभासद क्रमांक. वाळवीने नेमकी कुठली पाने खाल्ली यावर दोन्ही गटांची आपापली मते होती, पण ठराव एकमताने मंजूर झाला.

माधव खांबेटे यांना हा ठराव फार आवडला. माणूस मूळचा सांगलीचा. १९७७ साली गिअरच्या कारखान्यात नोकरीला म्हणून देवासला आला आणि फोरमन होऊन इथलाच झाला. घरातले खिळे-स्क्रूसुद्धा आकाराप्रमाणे डब्यांत लावून ठेवणारा हा गृहस्थ. पदाधिकाऱ्यांची नावे पहिल्या पानावर फोटोंसह जाणार होती, त्यामुळे शेवटच्या यादीत ज्येष्ठतेने पहिले नाव खांबेट्यांचेच येत होते. सभासद क्रमांक एक! मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात दिवा लावायचा मान क्रमांक एकचा. त्यातून मार्गशीर्षात अवंतीचे, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे, लग्न ठरलेले. मुलगा धारचा. लग्न मंडळाच्या सभागृहात व्हायचे होते आणि पत्रिका छापूनही आल्या होत्या. आपल्या हॉलमध्ये, आपल्या माणसांत, क्रमांक एकच्या हातून कन्यादान! खांबेटे मनातल्या मनात सुखावले होते.

यादीचे प्रूफ आले तेव्हा ते चहाचा कप हातात घेऊनच बसले. आधी 'दिवंगत सभासद', क्रमांक १ ते ६१. मग 'विद्यमान सभासद' असे शीर्षक. आणि त्याखाली, ६२. श्री. माधव खांबेटे.

पत्नी सीताबाईंनी चष्मा न लावताही ते वाचले. "एकसष्ट जण वर गेले आणि बासष्टावे तुम्ही. रांगेत उभं केलंय की काय तुम्हाला? पोरीचं लग्न तोंडावर आलंय. आत्ताच्या आत्ता जा आणि बदलून आणा."

खांबेटे प्रूफ घेऊन टेकरीच्या रस्त्यावरच्या डीटीपीच्या दुकानात गेले. दुकान अंकुर गोखल्याचे. अंकुर पस्तिशीचा, घरी मराठी, शाळा हिंदी. मराठी तो झकास बोले. वाचायची वेळ आली की मात्र अक्षरे मराठी वाची आणि अर्थ हिंदी लावी.

"काका, यात माझी काही गलती नाही," तो म्हणाला. "मशीन आपोआप नंबर टाकते. एकदा मोजायला लागली की रुकतच नाही. तिला काय माहीत, कोण गेलं अन् कोण राहिलं."

"पण दुसरी यादी सुरू झाली की परत एकपासून नको का?"

"होऊन जाईल ना भिया. जिथून सांगाल तिथून नवीन गिनती चालू. तुम्ही फक्त कुठून काय करायचं ते प्रूफवर लिहून द्या. लिखा हुआ असलं की नंतर किटकिट नाही."

लिहून द्यायचे म्हटल्यावर खांबेट्यांना हुरूपच आला. त्यांनी लाल पेन काढले, स्वतःच्या नावापाशी बाण केला आणि समासात वळणदार अक्षरात लिहिले: 'क्रमांक खाली १ पासून सुरू करावेत.' खाली सही, तारीख. या वाक्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही मास्तराला खोट काढता आली नसती. देवास महाराष्ट्रात नाही, एवढेच काय ते नडले.

प्रकाशनाच्या दिवशी चिटणीस रघुजी माइकवर आले. "आता सभासद क्रमांक एक यांनी दीपप्रज्वलन करावे." खांबेटे खुर्चीतून अर्धे उठले, सदरा खाली ओढला, आणि रघुजी पुढे म्हणाले, "श्री. स्वानंद बिवलकर." बिवलकर खांबेट्यांच्या नंतर दहा दिवसांनी सभासद झालेले. ते इकडेतिकडे बघत उठले आणि दिवा लावून आले. खांबेटे तसेच अर्धवट उभे होते. मग कोणाला तरी शोधत असल्यासारखे करून खाली बसले. त्यांना फार लाजल्यासारखे झाले.

स्मरणिका उघडून पाहिली तर दिवंगत १ ते ६१ जागच्या जागी. विद्यमान सभासदांत सर्वांत वर श्री. माधव खांबेटे, आणि नावापुढे काही नाही. कोरी जागा. त्यानंतर १. श्री. स्वानंद बिवलकर, आणि तिथून थेट १४८ पर्यंत.

"तुम्हीच तर लिहिलं होतं काका," अंकुरने जपून ठेवलेले प्रूफ पुढे केले. "क्रमांक खाली. बाण पण तुमच्याच नावावर. म्हणून तुमचा खाली ठेवला, अन् पुढून एकपासून सुरू केलं."

"अरे, खाली म्हणजे खालच्या बाजूला!"

"तर मग नीचे लिहायचं ना! खाली म्हणजे तर खाली, रिकामं."

खांबेट्यांनी स्वतःची सही पाहिली, तारीख पाहिली आणि प्रूफ परत दिले. कागदावर चूक शोधूनही सापडेना.

क्रमांक नाही तर नाही, असे म्हणून त्यांनी मन घट्ट केले असते. पण सभागृहाच्या अर्जात पहिलाच रकाना सभासद क्रमांकाचा होता. त्यांनी तो कोरा ठेवला. रघुजींनी 'अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज परत केला. त्यांनी तिथे १ लिहिले, तेव्हा 'सदर क्रमांक अन्य सभासदाचा आहे' असा शेरा आला. लग्नाला पाच आठवडे उरले होते. गावातले दुसरे हॉल केव्हाच गेलेले, आणि पत्रिका धारपासून सांगलीपर्यंत पोचलेल्या.

शेवटी कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. अध्यक्षस्थानी तात्यासाहेब. त्यांचे आजोबा धाकट्या पातीच्या दरबारात कारभारी होते, आणि तात्यासाहेब अजूनही सभेत त्याच दरबारात बसल्यासारखे बसत.

"खांबेटे, आपली अडचण मजला समजते," ते म्हणाले. "या गावात पूर्वी दोन राज्ये होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, गाद्या दोन, आणि दोन्हीकडचे महाराज पहिलेच! पुन्हा एकपासून मोजण्याचे आम्हांस वावडे नाही. तेव्हा मार्ग सुचवा."

"मला एक द्या आणि बाकीच्यांना एकेकाने खाली सरकवा," खांबेटे म्हणाले.

"एकशे अठ्ठेचाळीस ओळखपत्रं लॅमिनेट झाली आहेत," रघुजी म्हणाले. "आणि बिवलकरांनी दिवा लावलेला आहे. लावलेला दिवा परत कसा घेणार?"

"मग मला शेवटचा द्या. एकशे एकोणपन्नास."

रघुजींनी घटना काढली. यादी ज्येष्ठतेनुसारच असावी, असे कलम तीनमध्ये स्पष्ट होते. सर्वांत ज्येष्ठ सभासदाला सर्वांत शेवटचा क्रमांक देणे हा ज्येष्ठतेचा अपमान ठरला असता, आणि मंडळ खांबेट्यांचा अपमान कदापि होऊ देणार नव्हते. बरीच चर्चा होऊन ठरले की, मूळ प्रुफात जो क्रमांक आला होता तोच त्यांना शुद्धिपत्रकाने द्यावा. बासष्ट.

"पण विद्यमानांत बासष्ट क्रमांक आहे की," कोणीतरी म्हणाले.

रघुजींनी यादी पाहिली. विद्यमानांत बासष्टावर एक बाई होत्या आणि त्यांची तब्येत चांगली होती. दिवंगतांची यादी मात्र एकसष्टला संपत होती. मोकळा बासष्ट त्या एकाच ठिकाणी होता.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक स्मरणिकेत एक चिठ्ठी चिकटवण्यात आली. 'शुद्धिपत्रक. दिवंगत सभासद, क्रमांक ६२, श्री. माधव खांबेटे असे वाचावे. झालेल्या चुकीबद्दल मंडळ दिलगीर आहे.'

सीताबाईंनी ती चिठ्ठी वाचली आणि कपाळावरचे कुंकू चाचपले. "मी बदलून आणा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "असं नव्हतं म्हटलं." त्या दिवसापासून त्यांनी मंडळाचे नाव टाकले.

धारहून व्याह्यांचा फोन आला. फोन खांबेट्यांनीच उचलला.

"फार वाईट झालं हो," व्याही म्हणाले. "आमच्याकडे पण एक स्मरणिका आलीय. कधी गेले?"

"कोण?"

"खांबेटेसाहेब."

"मीच बोलतोय."

पलीकडे पंचांगाची पाने चाळल्याचा आवाज आला. मग व्याही म्हणाले, "तर मग लग्न आहे ना तारखेला?"

लग्न तारखेलाच होते, हॉल तेवढा नव्हता. आणि नेमके इथेच रघुजींना कलम अकरा सापडले. दिवंगत सभासदाच्या घरी मंगलकार्य असल्यास सभागृह इतर सर्वांच्या आधी आणि तत्काळ द्यावे. रघुजी स्वतः अर्ज घेऊन घरी आले. मनाने माणूस चांगला होता. फक्त नियमात बसेल तेवढाच चांगला होता.

"वहिनी, इथे सही करा. 'दिवंगत सभासदाची पत्नी'."

"मी?" सीताबाई ताडकन उठल्या. "हे समोर बसून पोहे खात असताना? लग्न टेकरीवरच्या देवळात माताजीपुढे लावीन, पण ही सही नाही करणार!" अवंतीनेही मान फिरवली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

खांबेट्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मुलीकडे पाहिले, रघुजींच्या हातून अर्ज घेतला आणि सावकाश भरला. दिवंगत सभासदाचे नाव: माधव खांबेटे. क्रमांक: ६२. अर्जदाराचे नाव: माधव खांबेटे. दिवंगतांशी नाते, या रकान्यापाशी ते थोडे थांबले. मग त्यांनी लिहिले: स्वतः.

रघुजींनी तो दोनदा वाचला. "नातं जवळचं आहे," ते म्हणाले. "चालेल."

हॉल मिळाला. दारावर मंडळाच्या पद्धतीने फळा लागला: 'कै. माधव खांबेटे यांच्या कन्येचा शुभविवाह.' त्या फळ्याखाली उभे राहून खांबेटे पाहुण्यांना अत्तर लावत होते. कन्यादानाची वेळ आली तेव्हा मात्र तात्यासाहेब उठले. पितृछत्र हरपलेल्या कन्येचे कन्यादान मंडळाच्या अध्यक्षाने करावे असा प्रघात आहे, असे म्हणून ते पाटाकडे निघाले.

"बाबा करणार नसतील तर मी उठते," अवंती म्हणाली. ती खरेच उठली. मांडवात कुजबुज झाली. भटजींनी तोंडातले मंत्र तसेच थांबवले. खांबेटे खांबाला धरून उभे होते. पन्नाशी उलटलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांना कोणीतरी हाताला धरून पाटावर बसवावे असे वाटत होते.

तात्यासाहेबांनी रघुजींकडे पाहिले. रघुजींनी खिशातून घटना काढली, चाळली, आणि म्हणाले, "दिवंगतांनी विधीत भाग घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही."

खांबेट्यांनी कन्यादान केले. मंत्र म्हणताना दोनदा चुकले. लोकांना वाटले, अशा अवस्थेत ते साहजिकच आहे.

लग्न इतके छान झाले की मंडळात त्याची चर्चा झाली. विशेषतः हॉल किती लवकर मिळाला त्याची. विद्यमान सभासद सहा-सहा महिने तारखेसाठी खेटे घालत होते आणि इथे पाच आठवड्यांत काम! पुढच्याच महिन्यात विद्यमान क्रमांक १७ यांच्याकडे मुंज निघाली. त्यांनी आपल्याला दिवंगतांत घ्यावे असा अर्ज दिला. त्यांना ६३ मिळाला. मग विद्यमानांतले ४०, ४१ आणि त्या बासष्टाव्या बाई. दिवंगतांना सभांना यावे लागत नसे, वर्गणी गोळा करायला फिरावे लागत नसे, आणि मागे सगळे चांगलेच बोलत. दोन्ही गटांचे लोक इतक्या गुण्यागोविंदाने पूर्वी कुठल्याच यादीत नांदले नव्हते. अंकुरचे कामही सोपे झाले. मशीन बासष्टच्या पुढे आपोआप मोजतच होते.

विद्यमानांत बिवलकर तेवढे टिकून राहिले. त्यांना दिव्याचा मोह सुटेना. पण सन २००४ मध्ये त्यांच्या मुलाचे लग्न ठरले, तारीख वैशाखातली होती, आणि शेवटी तेही वरच्या यादीत गेले.

नवी स्मरणिका नुकतीच निघाली आहे. तीत दिवंगत सभासद १ ते २१०, आणि त्यानंतर 'विद्यमान सभासद' असे ठळक शीर्षक. त्याखाली नाव एकही नाही, फक्त एक ओळ. रघुजींनी प्रुफावर स्वतःच्या हाताने सूचना लिहिली होती आणि अंकुरने या वेळी ती जशीच्या तशी छापली आहे. तीच इथे देऊन ही हकीकत संपवतो. वाचकांपैकी जे कोणी इतका वेळ खांबेट्यांना हसत होते आणि अजूनही स्वतःला विद्यमान समजतात, त्यांनी आपले नाव लिहून पाठवावे. सूचना एवढीच: 'क्रमांक खाली आहे.'