दुसऱ्या मालकाचं विमान

पिंपळगाव बसवंतच्या पुंजाराम गांगुर्डेचं एक ठाम मत होतं. जगात जे जे नट-बोल्टने जोडलेलं आहे ते आपण खोलू शकतो, आणि जे खोललेलं आहे ते आपण जोडू शकतो! द्राक्षबागांवर औषध मारायचे ब्लोअर बनवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि या वीस वर्षांत त्याला चुकीचा ठरवणारा माणूस भेटला नव्हता. म्हणजे बायको सोडून. पण उज्वलाचं मत तो तांत्रिक मानत नसे.

अशा माणसाला देवळाली कॅम्पातल्या एका रिटायर्ड कर्नलसाहेबांच्या गॅरेजमध्ये विमान दिसलं, तिथेच सगळं बिघडलं.

तो गेला होता साहेबांचा बागेतला पंप दुरुस्त करायला. गॅरेजच्या कोपऱ्यात दोन माणसं बसतील असं छोटंसं विमान उभं होतं. उभं म्हणजे काय, धड एकीकडे, पंख दुसरीकडे आणि नटांचे डबे तिसरीकडे. साहेबांनी परदेशातल्या कंपनीकडून घरी जोडायचा संच मागवला होता, अर्धा जोडला होता आणि आता ते मुलीकडे कायमचे कॅनडाला निघाले होते.

"घेतोस का?" साहेबांनी गमतीत विचारलं.

"घेतो!" पुंजारामने गमतीत घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत विमान पिंपळगावला आलं. नवरदेवामागे नसेल एवढी वरात ट्रॉलीमागे होती. उज्वला दारात उभी होती. तिने विमानाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "अहो, ओवाळू कोणाला?"

"अगं, उडवायचं नाहीये लगेच! परवानग्या, कागदपत्रं, सगळं रीतसर करणार. आधी जोडतो. दसऱ्याला इंजिन सुरू करून पूजा करू. सगळ्या गावाला बोलावू!"

हे शेवटचं वाक्य त्याने जरा मोठ्याने म्हटलं, कारण शेजारचा संतोष कुंपणाला टेकून ऐकत होता. संतोषची कांद्याची चाळ पुंजारामच्या आवाराला लागून होती आणि त्याची जीभ तिच्याहून लांब होती.

"दसरा कोणत्या सालचा?" संतोषने विचारलं.

झालं! आता माघार नव्हती.

काम झपाट्याने सुरू झालं. पंख बसले, चाकं बसली, शेपूट बसलं. साहेबांनी दिलेलं जाडजूड पुस्तक पुढ्यात होतं, आणि मुलगी योगिनी त्यातलं इंग्रजी समजावून सांगत होती. ती नाशिकला नोकरी करायची आणि परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहिणं हेच तिचं काम होतं. एकशे अकराव्या पानापर्यंत सगळं सुरळीत चाललं. एकशे बारा ते एकशे अठरा ही पानंच नव्हती! साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "वाळवी." लष्करी माणूस, एका शब्दात अहवाल संपवला.

वाळवीने नेमकी पुढच्या पंख्याची पानं खाल्ली होती. बाकी पुस्तकाला तिने तोंडही लावलं नव्हतं. चवीची असणार.

"कंपनीला लिही," पुंजाराम म्हणाला. "म्हणावं, सात पानं पाठवा. एवढी मोठी कंपनी, सात पानांना काय नाही म्हणते!"

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. योगिनीने वाचून दाखवलं. विमानाचे मालक झाल्याबद्दल कंपनीने पुंजारामचं हार्दिक अभिनंदन केलं होतं. या कुटुंबात त्याचं मनापासून स्वागत होतं. फक्त तो दुसरा मालक असल्यामुळे अजून कुटुंबात नव्हता. कुटुंबात यायचं तर हस्तांतराची फी भरावी लागेल, अर्ज करावा लागेल, पहिल्या मालकाची सही आणावी लागेल. मग मार्गदर्शन मिळेल.

"फी किती?"

योगिनीने आकडा सांगितला. पुंजाराम खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला.

"सात पानांची? अगं, एवढ्यात तर झेरॉक्सचं दुकान येईल! मी मशीन विकत घेतलंय, चोरून आणलेलं नाही. ट्रॅक्टर दुसऱ्याने घेतला म्हणून कोणी त्याला गिअर कुठला ते सांगायचं थांबतं का? माझी गाठ घालून दे. मी समोरासमोर बोलतो!"

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे डेरेक नावाचा गोरा, हसरा, अतिशय नम्र तरुण होता. पुंजारामने मोबाइल थेट पंख्यासमोर धरायला लावला.

"त्याला विचार, ही पाती अशी बसवायची की उलटी?"

योगिनीने विचारलं. डेरेक हसला. "तो म्हणतोय, फार छान प्रश्न आहे."

"मग उत्तर?"

"उत्तर फी भरल्यावर."

"बरं, काही बोलू नको म्हणावं. मी पातं फिरवतो. बरोबर झालं की नुसती मान हलव!"

योगिनीने तेही सांगितलं. डेरेकचं हसू जरा आखडलं. तो बराच वेळ कोणाशी तरी बोलून आला.

"पप्पा, तो म्हणतोय, मान हलवणं हेही मार्गदर्शनातच धरतात."

पुंजारामने पातं सरळ धरलं. डेरेक दगडासारखा बसला. उलटं धरलं. तरी दगड! पण उलटं धरल्यावर त्याच्या पापण्या लवल्या असं पुंजारामला वाटलं. अगदी नक्की लवल्या!

"कळलं!" तो विजयाने ओरडला. "ठेव फोन! फुकटात काढलं की नाही!"

त्या एका पापणीवर त्याने पंखा बसवला.

दसऱ्याला आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पंख्याला झेंडूचा हार घातला, आरतीपुरता, आणि मग काढून ठेवला. सुरक्षेचा बंदोबस्त तर बघण्यासारखा होता. विमान पुढे जाऊ नये म्हणून चाकांपुढे विटा, आणि शेपटाला बांधलेला जाड दोर मागच्या लिंबाला! लोकांना दोन्ही बाजूंना लांब उभं केलं होतं. समोर बऱ्याच अंतरावर पूजेचं टेबल होतं, आणि त्याच्याही पलीकडे पुंजारामची आई नवसाबाई खुर्ची टाकून बसली होती. म्हातारी मूळची सटाण्याकडची. तिला हलवणं तिच्या नवऱ्यालाही कधी जमलं नव्हतं.

पुंजाराम आत बसला. डोक्याला हेल्मेट, कपाळाला टिळा. त्याने किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं! टाळ्या! शिट्ट्या! संतोषचा चेहरा पाहून पुंजारामला वाटलं, पैसे वसूल झाले. म्हणून त्याने इंजिनाला जरा आणखी रेस दिली.

आणि पूजेचं टेबल उडालं.

हळद, कुंकू, झेंडू, आपट्याची पानं, सगळं एका झोतात समोर गेलं आणि नवसाबाईवर बसलं. क्षणात म्हातारी नखशिखांत देवीसारखी दिसू लागली. पंखा वारा मागे फेकायच्या ऐवजी पुढे फेकत होता! आणि विमान? विमान मागे निघालं होतं.

विटा पुढे होत्या. दोर मागे जायला आडवा येत नाही, तो नुसता ढिला पडतो. पुंजारामला एवढंच कळलं की लिंबाचं झाड जवळ येतंय, आणि तेही पाठीमागून.

"बंद करा! अहो, बंद करा!" उज्वला ओरडत होती.

पण वीस वर्षांची सवय! गाडी मागे घरंगळली की माणूस काय करतो? पुढे न्यायला रेस देतो. पुंजारामने पूर्ण रेस दिली.

विमान लिंबाला चाटून, कुंपण मोडून, शेपटाकडून थेट संतोषच्या कांद्याच्या चाळीत शिरलं! जाळी फाटली, बांबू वाकले, आणि भाव चढायची वाट पाहत उन्हाळ्यापासून थांबलेले कांदे धडाधडा विमानावर कोसळले. तेव्हा कुठे पुंजारामचा हात किल्लीकडे गेला.

इंजिन थांबलं. एक कांदा टणटण करत पंखावरून खाली आला.

"रिव्हर्स घेताना हॉर्न तरी मारायचा!" संतोष म्हणाला.

समोरून नवसाबाईचा आवाज आला, "आरे, हाई इमान शे का पंखा?"

त्या दिवशी पुंजाराम जेवला नाही. चेष्टेचं त्याला फारसं वाटलं नाही. पण वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचं यंत्र उलटं चाललं होतं, आणि तेही अख्ख्या गावासमोर. रात्री उज्वलाने ताट पुढे सरकवलं आणि इतकंच म्हणाली, "कोणी जखमी झालं नाही. ते महत्त्वाचं. आता ती फी भरा."

त्याने फी भरली. सही कॅनडाहून आली, अर्ज गेला, डेरेकने पुन्हा अभिनंदन केलं, आणि आता मान भरपूर हलवली. सात पानं आली. योगिनीने मोठ्या उत्सुकतेने एकशे चौदावं पान उघडलं आणि वाचता वाचता थांबली.

"काय गं?"

"पप्पा, इथे लिहिलंय, पात्यांचा कोन आणि दिशा यासाठी कृपया पंखा बनवणाऱ्या कंपनीशी संपर्क साधावा."

पंखा दुसऱ्याच कंपनीचा होता!

पुंजारामने ती ओळ योगिनीकडून पुन्हा एकदा वाचून घेतली. मग खोल आवाजात म्हणाला, "लिही. आणि पहिल्या ओळीतच सांग की मी दुसरा मालक आहे. म्हणजे शिव्या एकदाच खाऊ."

उत्तर तासाभरात आलं. कुठल्याशा म्हाताऱ्या कारागिराने लिहिलं होतं. सोबत हाताने काढलेलं सुबक चित्र, कोनाचं माप, पाती कुठल्या बाजूने बसवायची त्याचा बाण, आणि खाली एक ओळ: अडलं तर केव्हाही फोन करा.

"फी?" पुंजारामने विचारलं.

"काहीच नाही लिहिलंय."

"नीट बघ. खाली बारीक अक्षरात असेल."

"नाही, पप्पा."

"विचारून घे."

योगिनीने विचारलं. 'कसली फी?' असा उलट प्रश्न आला. पुंजाराम आणखीच अस्वस्थ झाला. चित्र त्याने चार दिवस भिंतीवर लावून ठेवलं आणि पंख्याला हात लावला नाही. येता-जाता त्याच्याकडे संशयाने बघायचा.

"पैसे न घेता दिलेलं उत्तर बरोबर असेल कशावरून?" पाचव्या दिवशी तो म्हणाला. "काहीतरी घोळ आहे. इतकी सरळ माणसं विमानाच्या धंद्यात असतील का?"

उज्वलाने हातातलं काम ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"अहो, फुकटचं पचतच नसेल तर ती फी मला द्या. मी पावती फाडते. आणि मान हलवायचे वेगळे घेणार नाही."

पुंजाराम उठला आणि पाना शोधायला लागला.