बॅकर नागोजीअण्णा

नागोजीअण्णांच्या दाराला चार बेली आहेत आणि आत जायचं असेल तर शेवटी हाकच मारावी लागते.

पहिली बेल अंगठा ओळखते, पण फक्त अण्णांचा, आणि अण्णा तर आत असतात. दुसरी त्यांच्या फोनवर वाजते. फोन चार्जिंगला असतो. तिसरीची कंपनी बुडाली. चौथीवर अण्णांनी स्वतःच चिकटपट्टी लावली आहे, तिची गोष्ट पुढे येईलच. त्यामुळे दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळे फाटकातून ओरडतात, "अण्णाऽऽ!" आणि आतून उत्तर येतं, "स्वल्प थांब की, सॉफ्टवेअर उघडतंय."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. नोकरी इथेच बेंगळूरात, बेळ्ळंदूरला. लोकांनी बनवलेली ॲप्स बिघडवून दाखवायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं माझं काम. मी पुण्याची. अण्णांचं घराणं मात्र कैक पिढ्यांपासून बेंगळूरचं. "आमचे पूर्वज घोड्यावरनं आले, तू बसनं आलीस," हे ते मला दर गणेशचतुर्थीला न चुकता ऐकवतात.

अण्णा सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले आणि बॅकर झाले. म्हणजे इंटरनेटवर कुणीतरी एक झकास व्हिडिओ टाकतं: आमचं यंत्र तुमच्या घराची राखण करील, फक्त ते अजून बनायचं आहे, तुम्ही आधी पैशाचा हातभार लावा. अण्णा लावतात. वस्तू विकत घेतली असं कुणी चुकून म्हटलं तर त्यांना राग येतो.

"आपण गिऱ्हाईक न्हवं. बॅकर!" ते छाती पुढे काढून सांगतात. "गिऱ्हाईक काय, दुकानात असलेलं कुणीबी घेतंय. नसलेलं घ्यायला धमक लागती."

नसलेल्या वस्तू घेण्यात अण्णांचा हात धरणारा माझ्या पाहण्यात नाही.

आलेल्या वस्तूंची तऱ्हा तर त्याहून मजेशीर. एक भुंकणारा डबा आला होता. फाटकाशी कुणी हललं की तो कुत्र्यासारखा भुंकणार आणि चोर पळणार. डबा भुंकला, चांगला दणदणीत भुंकला, पण विलायती. गल्लीतल्या कुत्र्यांनी असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. ती सगळी कोण पाहुणा आलाय ते बघायला फाटकाशी जमली. ती हलली की डबा भुंकायचा, डबा भुंकला की ती उत्तर द्यायची. दोन दिवस शेजाऱ्यांनी सोसलं, मग अण्णांच्या पत्नी अक्कांनी डबा तांदळाच्या पिंपात पुरला. तिथेही तो अधूनमधून गुरगुरायचा.

दुसरा एक दिवा होता. घरात कुणी नसलं तरी माणसं वावरताहेत असं दाखवायला तो आपोआप लागायचा, विझायचा. एके दिवशी विझला तो विझलाच. त्याची अक्कल म्हणे दूरदेशीच्या कुठल्याशा संगणकात होती आणि कंपनीने तो संगणकच बंद केला. अण्णा तरी त्या दिव्याची बाजू घेतात. "दिवा चांगला हाय गं. त्याचा मालक गेला, त्यात त्याचा काय दोष?"

अक्कांचं खरं नाव सुंदराबाई. अण्णा जितके हवेत तितक्या त्या जमिनीवर. अण्णांनी शेवटचं जे लॉक मागवलं होतं, आवाज ऐकून उघडणारं, त्याची पत्रं दर महिन्याला यायची. कधी चिप मिळत नाही, कधी साचा चुकला, कधी कारखानाच बदलला, पण पुढच्या महिन्यात नक्की. एकदा मी अण्णांना समजावत होते की एक नमुना करून व्हिडिओ काढणं सोपं, तसेच हजारो करणं अवघड, आणि इथेच या मंडळींची गाडी अडते. अक्का भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी दारावर 'नाळे बा' लिहायचे. उद्या ये, म्हणून. नावानं हाक मारणारं भूत यायचं, ते वाचायचं, परत जायचं. दुसऱ्या दिवशी येऊन परत तेच वाचायचं. ही कंपनी ह्यांना तेच करतीया. आणि हे भुतावाणी मुकाट परत येतात."

अण्णांसकट आम्ही सगळे हसलो. पण अक्का थट्टा करत असल्या तरी आतून चिडल्या होत्या, कारण त्या लॉकवर त्यांची पुण्याची वारी अडली होती.

त्यांची एकुलती एक मुलगी हेमा पुण्यात असते. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन इथे आली होती. अण्णांनी नेमकी त्याच आठवड्यात ती चौथी बेल बसवलेली. ती चेहरे ओळखते. घरच्यांना काही म्हणत नाही, परका दिसला की बोंब ठोकते. हेमाच्या सासूबाई दारात आल्या आणि बेल किंचाळली, "सावधान! अनजान व्यक्ती!" त्या अंगणात रांगोळी बघायला गेल्या, परत आल्या, पुन्हा "सावधान!" तुळशीला पाणी घालून आल्या, "सावधान!" अण्णांच्या यंत्रांपैकी आयुष्यात एकच नीट चाललं, ते त्या दिवशी. आणि ते बंद करायचं सोडून अण्णा विहिणीला कौतुकाने सांगत होते, "बघा की, कसं बरोबर ओळखतंय तुम्हाला!"

विहीणबाई फराळाला न बसता निघाल्या. हेमा आणि अण्णांची जी जुंपली ती मी वरच्या गॅलरीतून ऐकली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही पुण्यातच झालं. अक्का एकट्या जाऊन आल्या. आता नातू पावलं टाकायला लागला होता आणि अक्कांनी हट्ट धरला होता की या खेपेला अण्णांना घेऊनच जायचं.

"जाऊया की," अण्णा म्हणायचे. "घर असं उघडं टाकून कसं जायचं? लॉक येऊ दे."

मी दहादा सांगितलं की साधं लॉक घ्या. ज्याचं दुकान चालत जाण्यासारखं आहे, वीज गेली तरी जे उघडतं, ज्याला किल्ली आहे आणि बिघडलं तर दुरुस्तीला माणूस घरी येतो, असं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरी, बरोबर हाय. पण त्यात नवीन काय?"

आणि एक दिवस खरंच लॉक आलं! अण्णांनी पेढे वाटले. मी रविवारी खाली जाऊन ते बसवून दिलं. त्याला मराठीसुद्धा कळत होतं, म्हणून अण्णांचा ऊर भरून आला. कुणा शहाण्याने त्यात दोन हुकूम घातले होते. "येतो" म्हटलं की उघडणार, "जातो" म्हटलं की बंद होणार.

अण्णा चप्पल घालून बाहेर आले, दार ओढलं आणि सवयीने म्हणाले, "येतो हां."

खट्ट. दार उघडलं.

अण्णांनी ते पुन्हा ओढलं. लॉककडे बघून जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, येतो."

खट्ट.

"अण्णा, 'जातो' म्हणा," मी म्हटलं.

"घरातनं निघताना जातो?" अक्का आतून कडाडल्या. "हे लॉक करणाऱ्याला आई न्हवती काय?"

मला हसू आवरेना. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, "जा..." एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला वळले तर म्हणाले, "बस गं. काय झालं न्हाई."

मग लॉककडे बघतच बोलले. "हेमा त्या दिवशी 'जाते' म्हणाली. येते न्हाई. लहानपणापासनं शाळेला निघाली तरी 'येते अप्पा' म्हणणारी पोर. ह्याच दारात. आणि मी काय म्हटलं ठावं हाय? 'जा' म्हटलं."

अक्का उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"चोराला कोण भितंय?" अण्णा म्हणाले. "ह्या घरात न्यायला हाय काय, बिघडलेल्या बेली? पण तिच्या दारात जाऊन उभारलो आणि तिनं दारच उघडलं न्हाई, तर मग मी परत कुठं जाऊ?"

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी या माणसाला लॉकांबद्दल शहाणपण शिकवत होते. अक्का पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "ते विंचवाचं पिल्लू, ते लॉक, काढा आधी दारावरनं."

त्याच संध्याकाळी अक्का आणि मी बेंगळूरच्याच शिवाजीनगरला जाऊन दारात बसणारं, पितळी किल्लीचं, जाडजूड लॉक घेऊन आलो. अण्णांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि हळूच विचारलं, "ह्याला ॲप न्हाई?" नाही म्हटल्यावर सुस्कारा टाकला. पण पुण्याची तिकिटं त्यांनी स्वतः काढली. एक किल्ली माझ्याकडे देऊन दोघं गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात असताना अण्णांचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"हेमाच्या दाराशी उभा हाय. तिची बेल कुठल्या कंपनीची असंल गं? गोल हाय, काळी."

"अण्णा, बेल दाबा."

"दाबतो की. कॅमेरा बरा दिसतोय. दुकानातलीच असणार ही."

मागून अक्कांचा आवाज आला. "पंधरा मिनिटं हेच चाललंय. मी सांगितलंय, बेल तुम्हीच दाबायची. मी हात लावणार न्हाई."

"स्वल्प थांब. ह्याच्यावर निळा दिवा लागलाय," अण्णा मला म्हणाले. "ह्याचा अर्थ काय गं?"

अशा बेली मी कामात पाहिल्या होत्या. मी म्हटलं, "अण्णा, म्हणजे आतून कुणीतरी तुम्हाला बघतंय."

अण्णांनी घाईघाईने घसा खाकरला. आणि मग त्या बेलीतून एक बारीक, चिरका, पुण्यात राहूनही जराही न बदललेला आवाज आला.

"अप्पा, अजून किती वेळ उभे ऱ्हाणार? ढकला की. दार उघडंच हाय."

फोन बंद करायचं अण्णांना सुचलं नाही. माझ्याही हातून झालं नाही. कानाला फोन लावून मी भर ऑफिसात डोळे पुसत होते आणि पलीकडे एक लहान मूल धपाधप पावलं टाकत दाराकडे येत होतं.