चादरीखालची बाई

टॅब दामिनीला मिळाला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या रागिणीनेच वाजवल्या. नसत्या वाजवल्या, तर तिच्या पोटात काय जळतंय ते साऱ्या वर्गाला कळलं असतं.

अमरावतीच्या त्या नर्सिंग कॉलेजात यंदापासून नवीन पद्धत आली होती. वॉर्डात शिकायला जाणाऱ्या मुलींच्या प्रत्येक गटाला एक टॅब. पेशंटचं बीपी, नाडी, ताप बेडशेजारीच त्यात भरायचं, औषधाचं काही अडलं तर त्यातच पाहायचं, आणि शिकवणीचे व्हिडिओही त्यातच. साधना मॅडमनी गटाचा टॅब दामिनीच्या हाती दिला, कारण वर्गातला बंद पडलेला प्रोजेक्टर एकदा तिने चालू केला होता. वायर निघाली होती, ती तिने खोचली. पण वायरीची गोष्ट रागिणीशिवाय कुणाच्याच लक्षात नव्हती.

दामिनी अकोल्याची, रागिणी चांदूर रेल्वेची. होस्टेलवर खोली एक, तेलाची बाटलीही एकच. पण गटात हात हलका रागिणीचा. सुई टोचून घ्यायला घाबरणारे पेशंट तिलाच नावाने बोलवायचे. म्हणजे, टॅब येईपर्यंत बोलवायचे.

पुरुषांच्या वॉर्डात वलगावचे जानराव होते. हर्नियाचं ऑपरेशन होऊन टाके अजून ओले होते. रागिणी बीपीचा पट्टा घेऊन गेली, तर त्यांनी हात चादरीत ओढून घेतला.

"तू राहू दे माय. ते पाटीवाली पोरगी कुठी गेली?"

"काका, बीपी मीच घेते. ते फक्त आकडा लिहिते."

"तसं नाही नं! तिच्या पाटीत आतलं सारं दिसते म्हन्ते."

"कोन म्हन्ते?"

"सारा वार्ड म्हन्ते."

पलीकडच्या बेडवरूनही आवाज आला, "मलेबी पाटीवरच तपासजा, बाई. साधं नाही पाह्यजे."

'साधं' हा शब्द रागिणीला सुईसारखा टोचला. तेवढ्यात दामिनी टॅब छातीशी धरून आली. जानरावांनी न सांगता हात पुढे केला, वर बाहीही सरकवली. पट्टा रागिणीनेच बांधला, हवा रागिणीनेच भरली, नाडी रागिणीनेच मोजली. दामिनीने बोटाने दोनदा टकटक केलं.

"वा!" जानराव म्हणाले. "आता कसं बरं वाटून राह्यलं."

दुपारी दामिनी टॅब नर्सच्या टेबलावर ठेवून जेवायला गेली. रागिणी टेबलाजवळून एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिने टॅब उचलला. काही करायचं नव्हतं. नुसतं हातात धरून कसं वाटतं ते पाहायचं होतं. छातीशी धरल्यावर चाल आपोआपच बदलली. ती जानरावांच्या बेडपाशी गेली तर ते उशीला टेकून सावरूनच बसले.

"अरे व्वा, तुलेबी भेटली काय पाटी?"

"हो नं काका," रागिणी म्हणाली, आणि दामिनीसारखीच ऐटीत टकटक केली.

टॅब बोलायला लागला. पेशंटचं अंग पुसताना त्याच्याशी बोलावं कसं, याचा तो शिकवणीचा व्हिडिओ होता. आवाज अगदी मोठा, आणि बाई पुण्याकडची, मधात घोळवून बोलणारी.

"घाबरू नका हं. मी आहे ना."

रागिणीने मिळेल ते बटण दाबलं. पडदा काळा झाला, बाई मात्र बोलतच राहिली. पुन्हा दाबलं, तर टॅबने पासवर्ड मागितला. तो दामिनीकडे. त्यातच व्हरांड्यात साधना मॅडमचा आवाज आला. रागिणीने टॅब जानरावांच्या चादरीखाली सारला.

"काका, दोन मिनिटं राहू द्या, तुमच्या पाया पडते!"

पण मॅडमच्या आधी दारात उभी राहिली ती गोदाबाई. जानरावांची बायको, वलगावहून डबा घेऊन आलेली.

"लाजू नका," चादर म्हणाली. "मी हळूच बाजूला करते हं."

गोदाबाई जागच्या जागी थांबली.

"हे कोन बोलून राह्यली?"

"कुठी कोन?" जानरावांनी चादर गच्च धरली. त्यांनी ती धरायला नको होती.

"छान! किती सहकार्य करता तुम्ही!"

"सहकार्य?" गोदाबाईने डबा आदळला. "लगन झाल्यापासून मले कधी सहकार्य नाही केलं तुमी! अन् इथी दवाखान्यात येऊन सहकार्य?"

"अवं, मशीन होय ते!"

"मशीन असं गोड बोलते? आपल्या मोटरपंपानं त कधी इचारलं नाही, घाबरली काय म्हून!"

सारा वॉर्ड उठून बसला होता. जे पेशंट सकाळी कुशीवर वळायला कुंथत होते, तेही मान उंच करून पाहत होते. त्यात साधना मॅडम आत आल्या. त्यांनी चादर उचलली आणि टॅब बाहेर काढला.

"हा इथे कुणी ठेवला?"

रागिणीचं तोंड पांढरं पडलं. जानरावांनी ते पाहिलं. माणूस मनाचा मोठा. पोरीची परीक्षा, तिचे मार्क, सगळं त्यांच्या डोक्यात आलं असावं.

"पोरीचा दोष नाही, बाई," ते म्हणाले. "मीच घेतला चादरीत."

"आइकलं?" गोदाबाई साऱ्या वॉर्डाला म्हणाली. "सोताच्या तोंडानं सांगून राह्यले! चालली मी वलगावले. जेवा आता हिच्याच हातचं!"

ती डबा उचलून निघाली. जानराव तिला अडवायला ताडकन उठू लागले.

"टाके! काका, टाके!" रागिणीने धावत जाऊन त्यांना दोन्ही हातांनी खाली दाबलं आणि तशीच ओरडली, "मावशी, थांबा वो! मी लपवला तो. मीच!"

गोदाबाई थांबली. मॅडमही थांबल्या.

"काहून?" मॅडम नेहमी पुस्तकी बोलायच्या, पण हा 'का' त्यांच्या तोंडून अस्सल वऱ्हाडी निघाला.

"मले फक्त एकदा हातात घ्यायचा होता, मॅडम." रागिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पेशंट मले साधी म्हन्तेत."

जेवण तसंच टाकून दामिनी धावत आली आणि तिने त्या गोड बाईला एकदाचं गप्प केलं. टाके तपासले, शाबूत होते. मॅडमनी रागिणीला व्हरांड्यात नेलं आणि जे काय सुनावायचं ते सुनावलं. शेवटी म्हणाल्या, "एवढी हौस आहे ना? उद्यापासून टॅब तुझ्याकडे. नोंदी तुझ्या, चार्जिंग तुझं, बिघडला तर जबाबदारीही तुझी."

दामिनीने टॅब तर दिलाच, वर हातही जोडले. "घे वं बाई. जेवताना त्याचा घोर, झोपताना तो उशाशी. सुटली मी."

दुसऱ्या दिवशी रागिणी टॅब छातीशी धरून वॉर्डात शिरली. जानरावांच्या बेडच्या चार हात अलीकडेच गोदाबाई आडवी आली.

"तू पोरगी चांगली हायस. पन त्या बाईले घेऊन इकडे यायचं नाही."

"मावशी, आत बाई नाही वो."

"मी आइकलं तिले. तू तिथूनच लिही. मोकळ्या हाताची पोरगी पाठव."

मोकळ्या हाताची पोरगी म्हणजे दामिनी. तिने पट्टा बांधला, हवा भरली. गोदाबाईने तिला स्टुलावर बसवलं, डब्यातला तिळाचा लाडू तिच्या हातावर ठेवला, आणि आई काय करते, बाप काय करतो, सगळी चौकशी केली. जानराव म्हणाले, "हात लय हलका हाय वं पोरीचा!"

रागिणी दारापाशी टॅब धरून उभी होती. दामिनीच्या तोंडात लाडू होता. बीपीचा आकडा विचारायला रागिणीला दोनदा ओरडावं लागलं.