मालूताईंच्या तराजूवर

मालूताईंच्या मैत्रिणी तीन-चारशे वर्षांपूर्वी जळून मेल्या. हे मी नाही, त्याच सांगतात, तेही पोहे खाता खाता. "आमच्या ॲग्नेसताईंचा गुन्हा काय, तर शेजाऱ्याची गाय आटली."

मालूताई क्वीन्सटाउनला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. विद्यापीठात संशोधन करतात आणि शुक्रवारी एका म्युझियममध्ये हौसेने गाइड होतात. तिथे युरोपातल्या चेटकिणींच्या खटल्यांचं प्रदर्शन आलं आणि ताईंना एकच प्रश्न चिकटला. हॉकर सेंटरमधला खाण्याच्या स्टॉलवाला म्हणाला, नूडल्स तिखट नाहीत. पुरावा काय? माझा नवरा म्हणाला, डाएट चालू आहे. पुरावा काय?

प्रदर्शनात एक मोठा तराजू आहे. चेटकीण वजनाला हलकी असते, अशी तेव्हा समजूत होती म्हणे. पर्यटक वर चढतात, पडद्यावर 'चेटकीण' उमटलं की टोकदार टोपी घालून फोटो काढतात. त्या टोप्या ताई लपवून ठेवत. शेवटी तिथल्या अधिकारी बाईंनी बजावलं, पुन्हा टोपी हरवली तर तुमची टूर बंद.

पुढच्या शुक्रवारी लेकीच्या वर्गाबरोबर मी गेले, तर टोप्या जागच्या जागी. मला हायसं वाटलं. पण ताईंनी प्रत्येक मुलाच्या हातात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एका बाईचं नाव आणि तिच्यावरचा आरोप. तराजूवर चढायचं तर आधी ते मोठ्याने वाचायचं.

तिसऱ्या नावाला गलका थांबला. दहाव्या नावाला पर्यटकांनी फोन खाली केले. टोपीकडे कोणी बघेना. दारात उभ्या अधिकारी बाईंनी टोप्यांची टोपली उचलली आणि स्वतःच आत नेऊन ठेवली.

माझ्या लेकीने हात वर केला. "आंटी, आफ्टर दॅट, एनीबडी से सॉरी ऑर नॉट?"

ताईंनी तिच्या हातातली चिठ्ठी घेऊन तिची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, सहसा नाही.

परतताना एमआरटीच्या गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. "लग्नाला तीन महिने झाले आणि हे गेले," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "सासूबाई म्हणाल्या, पांढऱ्या पायाची. सगळ्यांना पटलं. पुरावा कोणी मागितला नाही."

त्याच संध्याकाळी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ताईंना मी कधीच बोलावत नसे. दुसऱ्या दिवशी डब्यातून तिळगूळ नेऊन द्यायचे. त्यांना अवघडायला नको, असं मनाशी म्हणायचे. मला माझीच लाज वाटली.

"ताई, चुकलं माझं. आज हळदीकुंकवाला या."

"मनापासून बोलावतेस, याला पुरावा काय?"

मी फोन काढला आणि त्यांच्यादेखत त्यांना हळदीकुंकवाच्या ग्रुपमध्ये घातलं. त्यांच्या पर्समध्ये टिंग वाजलं. चष्मा लावून त्यांनी तो मेसेज दोनदा वाचला.

"साडी कोणती नेसू गं?" त्यांनी विचारलं.