श्वासनलिकेची वरची बाजू

“आज मी कायम झालोच म्हणून समज!” विज्ञानाच्या सरांनी सकाळी सकाळी जाहीर केलं. शाळेत ते अजून तात्पुरतेच होते, आणि आज तपासणीच्या मॅडम त्यांचा तास बघणार होत्या.

“ते राहू द्या. अहो, घरातले सगळे ब्रश कुठे गेले?” बायको कडाडली.

ब्रश श्वासनलिकेत गेले होते! वर्गात दाखवायची श्वासनलिका म्हणून सरांनी वॉशिंग मशीनचा पाइप चिरून आतून ब्रशचे केस तिरपे चिकटवले होते. खऱ्या नलिकेत पेशींवर असे बारीक केस असतात, ते धूळ वर ढकलतात. खाली दोन फांद्या आणि त्यांना दोन लाल फुगे, म्हणजे फुप्फुसं. दाढीच्या मशीनची मोटर लावली की केस थरथरणार आणि कचरा वर! फक्त सरांच्या बुडाला स्थिरता नाही. चिकटवताना दहादा उठले, खिडकीशी जाऊन आले, चहा गार केला. फांद्या जोडण्याआधी पाइपची दोन्ही तोंडं सारखीच. वरचं कुठलं हे लिहून ठेवायला हवं होतं, पण तेवढा धीर कुणाला!

वर्गात मॅडम पुढच्याच बाकावर बसल्या. सरांना एकदम चेव आला.

“मॅडम, तुमची अंगठी टाका! आत्ता वर येते की नाही बघा!”

मॅडमनी बिचकत अंगठी पाइपात सोडली. ती केसांवर अडकली. सरांनी बटण दाबलं. घर्रर्र! अंगठी डोलली, थरथरली आणि ठुमकत ठुमकत निघाली ती थेट खाली! केस उलटे लागले होते.

“अहो, माझी अंगठी!”

“घाबरू नका!” सरांनी घाईघाईने बटण बंद केलं. “उजवी फांदी रुंद आणि सरळ असते. अडकलेली वस्तू तिकडेच जाते!” असं म्हणून त्यांनी समोरून आपल्या उजव्या हाताचा फुगा फाडकन फोडला.

आत काही नाही! सर पाइप झटकू लागले, वर्ग खिदळू लागला.

“सर,” मॅडम थंडपणे म्हणाल्या, “उजवी बाजू तुमची नाही. ज्याची श्वासनलिका आहे, त्याची.”

दुसऱ्या फुग्यात अंगठी निघाली. मॅडमनी ती पुसून घातली आणि शेरा सांगितला: “आणखी एक वर्ष तात्पुरते.”

संध्याकाळी बायको दारातच उभी. “झालात कायम?”

सरांनी पिशवीतून नवा ब्रश काढून पुढे केला.

“अहो, दांडा माझ्याकडे करा,” ती म्हणाली. “उलटा धरलाय.”