मांजरीला पोचलेलं कासव

"अब्बा, एक गादी हवी होती," मेहजबीन म्हणाली.

अल्लाबक्षभाई नुकतंच दुकानाचं शटर वर करत होते. मुलगी कोकणातून रात्रभर प्रवास करून आलेली, केस विस्कटलेले, कपड्यांना मासळीचा वास. कशी आहेस, किती वाळलीस, वगैरे काही विचारण्याआधी त्यांच्यातला दुकानदार बोलला.

"कापसाची की फोमची?"

"फोमची. एकदम मऊ. पोटावर दाब येता कामा नये."

"कोणासाठी?"

"कासवासाठी."

अल्लाबक्षभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला.

"सिंगल की डबल?"

कोथरूडमध्ये अल्लाबक्षभाईंचं गाद्यांचं दुकान सगळ्यांना माहीत होतं. मुलगी जनावरांची डॉक्टर झाली हे सांगायला त्यांना काहीच वाटत नसे. पंचाईत व्हायची ती पुढच्या प्रश्नाला. "कुठली जनावरं?" असं कुणी विचारलं आणि त्यांनी "समुद्री कासवं" असं सांगितलं, की समोरचा माणूस चहाचा घोट घेऊन विषय बदलायचा. शेजारचा गाळा रिकामा होता. मेहजबीननं तिथे दवाखाना टाकावा, ही त्यांची जुनी इच्छा. "या गल्लीत माणसांपेक्षा लॅब्राडॉर जास्त आहेत," ते म्हणत. "पुण्यात सगळं आहे. नाही तो फक्त समुद्र. आणि आमच्या लेकीनं नेमका तोच धरला."

मेहजबीन हसून सोडून द्यायची. किनाऱ्यावरच्या कासव केंद्रात ती रमली होती. जाळ्यात अडकून पाय कापलेली, बोटीच्या पंख्याचा मार खाल्लेली कासवं तिच्याकडे येत, आणि त्यातली बरीचशी बरी होऊन परत पाण्यात जात. त्या दिवशीचा पेशंट मात्र तिच्या हाताबाहेर चालला होता. मच्छीमारांना ते कासव समुद्रावर फुग्यासारखं तरंगताना सापडलं होतं. आतड्यात काहीतरी अडकलं होतं, त्यामागे वायू धरला होता, आणि त्यामुळे त्याला बुडीच मारता येत नव्हती. बुडी नाही म्हणजे खाणं नाही. तेल पाजून झालं, औषधं झाली, उपयोग शून्य. पुण्यातल्या एका जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीनं पोटात बघणारे एक डॉक्टर होते. त्यांनी दुपारची वेळ दिली होती. वनखात्याची परवानगी घेऊन मेहजबीन कासवाला घेऊन निघाली, आणि केंद्राची गाडी तिला आणि कासवाला दुकानाशी उतरवून लगेच परत गेली.

"दुपारपर्यंत ते इथे राहील," ती म्हणाली. "मग आपल्या टेम्पोतून नेऊ. चालेल ना?"

"चालेल," अल्लाबक्षभाई म्हणाले. "गिऱ्हाइकांना सांगू, नवीन उशी आहे."

पण त्यांनी काम मन लावून केलं. पलीकडच्या सुताराकडून प्लायवूडचा मोठा बॉक्स आणला, त्यात फोमची गादी बेतली, पोटाच्या जागी खळगा केला. कासव त्यावर असं विसावलं, की जन्मभर फोमवरच झोपत आलंय असं वाटावं. मेहजबीननं त्याच्या डोळ्यांना मलम लावलं आणि अंगावर ओल्या चादरी घातल्या.

तेवढ्यात मदिनाबी वरच्या मजल्यावरून चहा घेऊन खाली आल्या.

"या अल्लाह, बिचारं! पाण्यात ठेव ना त्याला. आपला टब आहे."

"नको अम्मी. प्रवासात कोरडंच ठेवतात. फक्त गार राहायला पाहिजे."

"मग इथे कशाला ठेवलंस उकाड्यात? मागच्या दाराशी ठेव. वारा येतो."

मागच्या दाराशी आधीच एक बॉक्स उभा होता. त्यात मांजरी गावच्या संभाजीरावांनी नव्या बंगल्यासाठी करून घेतलेली सेटी, गादीसकट, चादरीत गुंडाळलेली. मायलेकींनी सुताराच्या दोन माणसांना बोलावलं, सेटी पुढे आणवली आणि कासव मागे नेलं. वारा खरंच छान येत होता. मेहजबीन निर्धास्त मनानं अंघोळीला वर गेली. अल्लाबक्षभाई पुढे एका बाईंना दोन उशांमधला फरक तिसऱ्यांदा समजावून सांगत होते.

आता यात कोणाची चूक म्हणायची? अल्लाबक्षभाईंनी मुलाला, तन्वीरला, आदल्या दिवशीच बजावलं होतं, "मागच्या दाराजवळचा बॉक्स उद्या मांजरीला पोचव. संभाजीरावांची वास्तुशांत आहे, उशीर नको." तन्वीर सांगितल्या वेळी आला, कानात गाणी लावून आला, मागच्या दारानं आला, मागच्या दाराजवळचा बॉक्स हमालांकडून टेम्पोत चढवला आणि गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं वडिलांचं तंतोतंत ऐकलं होतं.

मेहजबीन खाली आली तेव्हा मागच्या दाराशी नुसताच वारा येत होता.

"अब्बा, कासव कुठाय?"

"मागे."

"मागे नाहीये."

"मग पुढे गेलं असेल. कासव आहे, किती लांब जाणार?"

दोघांनी मिळून पुढचा बॉक्स उघडला. आत सेटी होती. अल्लाबक्षभाईंनी सेटीकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. तन्वीरला फोन लावला. तो उचलेना. परत लावला. तिसऱ्यांदा लावणार, तोच त्यांचाच फोन वाजला.

"शेठ, नमस्कार! संभाजी बोलतोय. माल पोचला. गादी झाक हाय. फकस्त त्या कासवाला गादीवरनं उठवायचं कसं, ते जरा सांगा की."

मेहजबीननं फोन ओढून घेतला. "काका, मी डॉक्टर बोलतेय. त्याला हात लावू नका! पाण्यात तर अजिबात सोडू नका!"

"छ्या! पाण्यात कशाला सोडू? दुधानं पाय धुतल्यात नुसतं. आमची मंडळी आता ओटी भरत्यात."

मेहजबीननं डोळे मिटले. घड्याळ बघितलं. दुर्बिणीवाले डॉक्टर संध्याकाळी परगावी जाणार होते. "काका, टेम्पोवाल्याला तिथेच थांबवून ठेवा."

"त्यो कुठं जातोय? जेवायला बसलाय."

बाप आणि लेक स्कूटरवर निघाले. कोथरूड ते मांजरी म्हणजे पुणं या टोकापासून त्या टोकापर्यंत. अल्लाबक्षभाई स्कूटर चालवत होते आणि मेहजबीन मागे बसून प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होती. याच रस्त्यानं तिचा पेशंट टेम्पोच्या मागच्या भागात आदळत गेला होता.

"अब्बा, याच्यात त्याचं काही बरंवाईट झालं ना..."

"काही होत नाही," अल्लाबक्षभाई म्हणाले. "गादी माझी आहे."

संभाजीरावांचा बंगला उसाच्या फडाला लागून, नव्या इमारतींच्या रांगेसमोर होता. दारात मांडव, मांडवात पाहुणे, आणि पाहुण्यांची रांग थेट हॉलपर्यंत. गुरुजी होमापाशी एकटेच बसले होते. गर्दी सगळी प्लायवूडच्या बॉक्सभोवती. कासवाच्या पाठीवर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात नारळ, खण आणि पेढ्यांचं ताट. कासव पेढ्यांकडे तुच्छतेनं बघत होतं.

संभाजीरावांच्या पत्नी मथुराबाई हात जोडून उभ्या होत्या. "वास्तुशांतीच्या दिवशी जित्तं कासव चालत घरात आलं! लक्ष्मी हाय ही, लक्ष्मी!"

"चालत नाही आलं काकू, टेम्पोतून आलं," मेहजबीन म्हणाली. "चुकून आलं. मी त्याची डॉक्टर आहे. मला त्याला न्यायला हवं."

"न्यायचं? आगं, बघ तरी तिच्याकडं. आपल्या घरात आली म्हणून डोळ्यांतनं पाणी गळतंय."

"ते रडत नाहीये. समुद्री कासवं डोळ्यांतून मीठ बाहेर टाकतात."

"आमच्या घरचं मीठ अजून खाल्लंबी न्हाई तिनं," मथुराबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

संभाजीराव मध्ये पडले. "ताई, तुमचं खरं आसंल. पण आज आलेली लक्ष्मी आजच बाहेर काढायची म्हंजे... पूजा हुंद्या, आरती हुंद्या, लोकं जेवू द्या. संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी डॉक्टर नसतील! आणि हे कासव घरात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, काका. वनखात्याचे लोक येतील."

ही धमकी द्यायला नको होती. मांडवातली चार माणसं उठून उभी राहिली. "वनखात्याचं कोण येतंय बघू की," असं कुणीतरी म्हणालं. मेहजबीनचा चेहरा उतरला. समुद्राच्या लाटांत उभं राहून चिडलेल्या कासवांना धरणारी बाई, पण वास्तुशांतीच्या पाहुण्यांपुढे तिचं काही चालेना.

तेव्हा अल्लाबक्षभाई पुढे झाले. डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मथुराबाई, एक सांगू? या जीवाच्या पोटात काहीतरी अडकलंय. आतड्यात वायू धरलाय, त्यामुळे मागचा भाग वर उचलला जातो. पाण्यात गेलं की बुचासारखं वर राहतं. खाली जाता येत नाही, म्हणून खायला मिळत नाही. वर तरंगत राहिलं की ऊन भाजतं, बोटी धडकतात. सहा महिने सुद्धा नाही टिकणार. ही पोरगी त्याच्यासाठी रात्रभर जागत आली. आणि हे एकच कासव नाही हो. अशी किती कासवं तिनं मरता मरता परत समुद्रात सोडलीत, मला विचारा."

मेहजबीन बघतच राहिली. फोनवर ती कासवांबद्दल बोलायला लागली, की अब्बा फक्त "हं, हं" करायचे. तिला वाटायचं, ते तेव्हा उशांचे भाव लिहीत असतात.

मथुराबाईंचा सूर बदलला. "गॅस धरलाय म्हणा की! आमच्या ह्यांनाबी हाय. ओवा दिला का?"

"ओवा नाही दिला," मेहजबीन म्हणाली. "तेल दिलंय."

"तेल दिलं आन् इतक्या लांबनं टेम्पोतनं हादरत आणलं व्हय? आमच्या ह्यांना निस्तं रिक्षात घातलं तरी..."

"मथुरे!" संभाजीराव म्हणाले.

आणि त्याच वेळी बॉक्समधून आवाज आला.

आवाज मोठा होता, लांबलचक होता आणि तो कशाचा होता याबद्दल कुणाच्याही मनात शंका उरली नाही. कासवानं मान उंच केली. दर्शनाची रांग एका क्षणात अंगणात गेली. गुरुजींनी उपरणं नाकाला लावलं आणि मंत्राची गती वाढवली. पुन्हा एक आवाज, त्यामागून तिसरा. मेहजबीन मात्र गुडघ्यावर बसली, हातमोजे चढवले आणि अब्बांच्या सुरेख गादीवर वाकली.

"निघालं!" ती ओरडली. "अब्बा, निघालं!"

तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा पीळ होता, ओढणीएवढा लांब. ती हसत होती आणि रडतही होती, आणि हे मीठ बाहेर टाकणं नव्हतं. अल्लाबक्षभाईंनी वास विसरून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मांडवात टाळ्या पडल्या. कुणीतरी घंटा वाजवली.

तन्वीर हातात जिलेबी घेऊन धावत आला. "आपा, सॉरी यार! मला वाटलं सेटीच आहे. आणि मी खड्डे पण नाही चुकवले, लेट होत होतं ना."

"तन्वीर," मेहजबीन म्हणाली, "आयुष्यात एकदा तुझ्या ड्रायव्हिंगचा कुणाला तरी फायदा झाला."

आरती मग दोन मिनिटांत उरकली, कारण नाक धरून जास्त वेळ गाता येत नाही. संभाजीरावांच्याच माणसांनी बॉक्स टेम्पोत चढवला. दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "आतडं साफ मोकळं आहे. दुर्बीण घालायची गरजच नाही. कुठलं औषध दिलंत?"

"कोथरूड ते मांजरी," मेहजबीन म्हणाली. "टेम्पोनं."

डॉक्टर पुण्याचेच होते. त्यांनी समजून मान हलवली. "परत जाताना त्या रस्त्यानं नेऊ नका. डोस जास्त होईल."

कासव किनाऱ्यावरच्या टाकीत परत गेलं. थोड्याच दिवसांत ते टाकीच्या तळाशी जाऊन मासे गिळू लागलं. मथुराबाई रोज फोन करून विचारत, "लक्ष्मी जेवली का?" सोडायचा दिवस ठरला तेव्हा त्यांनी जाहीरच करून टाकलं, "लेकीची पाठवणी आमच्याबिगर व्हायची न्हाई." म्हणून मग अल्लाबक्षभाई, मदिनाबी, संभाजीराव आणि मथुराबाई अशी चौघंही तन्वीरच्या टेम्पोतून कोकणात उतरली. टेम्पोत गाद्या घातलेल्या होत्या.

सकाळचं कोवळं ऊन होतं. मेहजबीननं आणि केंद्रातल्या लोकांनी कासवाला वाळूवर ठेवलं. ते क्षणभर थांबलं, मग वल्ह्यांसारखे पाय मारत सरळ पाण्याकडे निघालं. पहिली लाट अंगावरून गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या लाटेत त्यानं डोकं खाली घालून झकास बुडी मारली. अल्लाबक्षभाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. किनाऱ्यावर फिरायला आलेल्या एका अनोळखी माणसाला दंडाला धरून ते सांगत होते, "ती पुढे उभी आहे ना, ती माझी मुलगी. समुद्री कासवांची डॉक्टर आहे."

मथुराबाई पदरानं डोळे पुसत लाटांकडे बघत राहिल्या. कासव काही परत वर आलं नाही.

"गेली बाई," त्या म्हणाल्या. "सासरी जाणारी पोर निदान एकदा तरी मागं वळून बघती. हिनं मान म्हणून वळवली न्हाई."

मेहजबीननं इतके दिवस जे सांगायचं टाळलं होतं, ते आता सांगून टाकलं. "काकू, रागावू नका. शेपटी लांब होती ना त्याची? तो नर आहे."

मथुराबाईंनी पदर खाली केला. एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा मेहजबीनकडे, आणि मग त्यांचा चेहरा एकदम निवळला.

"ल्योक हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मग बरोबर हाय. मी उगंच रडत बसले."