ओतिलिआबाईंचा बिंगो

आमच्या गावात व्याख्यान भरवावं तर फेर्मिननंच! हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. म्हणजे, म्हणायला हवं. अकरा वर्षं मी पासो दे लास गार्सासच्या वाचनालयाचा चिटणीस आहे, आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी इतिहास, भाषा, चित्रकला, काहीतरी ज्ञान गावाच्या कानी घालतोच. आता ते कान किती, हा प्रश्न वेगळा. मागच्या खेपेला चौदा होते. त्यांतले दोन कुत्र्याचे.

तेवढ्यात नगरपालिकेचं पत्र आलं. पुढच्या व्याख्यानाला पन्नास माणसं जमली नाहीत, तर वाचनालयाचं सभागृह व्यायामशाळेला देणार! मोजायला तिथले दामासोसाहेब जातीनं येणार!

"पन्नास?" मी बायकोला म्हणालो. "शंभर जमवतो, बघच तू!"

"आधी शंभर खुर्च्या जमव," मिर्ता 'माते' नावाच्या कडू चहाचा घोट घेत म्हणाली. ही बाई नवऱ्याला चहा द्यावा तसा टोमणा देते. गरम आणि वेळेवर.

मी वक्त्या निवडल्या ओतिलिआबाई. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, अंगकाठी वाळक्या शेंगेसारखी. नऊ वर्षं त्यांनी चर्चच्या आणि सरकारी दप्तरखान्यांत धूळ खाल्ली होती, आणि विषय कोणता? आमचंच गाव! अठराशे बासष्ट साली झालेली आमच्या गावाची पहिली शिरगणती! ना मानधनाचं बोलल्या, ना गाडीचं. "बसनं येते," म्हणाल्या. "ऐकायला माणसं असली की झालं."

जाहिरातीचं काम तोरिबिओचं. त्याच्या खटारा गाडीवर कर्णा आहे. गावातलं लग्न, मयत आणि स्वस्त बटाटे, सगळं त्याच्याच तोंडून कळतं. मी मजकूर लिहून दिला. कागद वाया का घालवा, म्हणून गावातल्या क्लबच्या एका जुन्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिला. आणि तिथंच माशी शिंकली! कारण तोरिबिओ हा अतिशय प्रामाणिक माणूस. त्यानं कागदाच्या दोन्ही बाजू वाचल्या.

मी तेव्हा शेजारच्या गावी खुर्च्या मागत हिंडत होतो, त्यामुळे मला पत्ता नाही. तीन दिवस गावभर कर्णा ओरडत होता: "शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, वाचनालयात, राजधानीहून खास येणाऱ्या प्राध्यापिका ओतिलिआ! भव्य बिंगो! पहिलं बक्षीस, एक अख्खं हॅम!"

शुक्रवारी बाईंना थांब्यावरून घेऊन आलो, तर दारात ही गर्दी! खुर्च्या भरल्या, खिडक्या भरल्या, दोघं पियानोवर बसले होते. मागच्या रांगेत दामासोसाहेब वहीत रेघा मारत होते आणि रेघा मारता मारता घामाघूम झाले होते.

"इतकी माणसं?" ओतिलिआबाईंचा आवाज कापरा झाला. "शिरगणतीसाठी?"

"आमचं गाव रसिक आहे हो, बाई!" मी छाती फुगवून म्हणालो.

प्रत्येकाच्या हातात कागद होता. टिपणं घेणार! मला भरून आलं. प्रत्येकाच्या मांडीवर मक्याच्या दाण्यांची पुडीही होती. म्हटलं, खाऊ देत बिचारे.

बाईंनी सुरुवात केली. "अठराशे बासष्ट साली..."

सभागृहात खळबळ! "अठरा!" "बासष्ट!" "अरे, दोन्ही धरायचे की एकच?" कुजबूज वाढली तशा बाई थांबल्या, आणि हसून म्हणाल्या, "साल परत सांगू का?"

"सांगा!" शंभर गळे एकदम.

शिक्षकी पेशात हयात गेलेल्या बाईला आणखी काय हवं! त्या रंगात आल्या. गावात अठ्ठ्याऐंशी घरं होती, म्हणाल्या. कागदावर दाणे पडल्याचा टपटप आवाज. तीन भटारखाने. टपटप. पहिल्या रांगेतले ऐंशी वर्षांचे आजोबा उठले. "बाई, बैल किती होते?"

"बावन्न."

"नक्की बावन्नच ना? एक्कावन्न नव्हते?"

"नक्की, आजोबा. किती बारकाईनं ऐकता तुम्ही!"

आजोबा धाडकन खाली बसले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. त्यांच्या शेजारची बाई डोळे मिटून "बावीस, बावीस, देवा बावीस" करत होती. मला वाटलं, इतिहासानं हेलावली. मी अभिमानानं दामासोसाहेबांकडे बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "आकडे बरे काढते, पण मधे गोष्टीच फार सांगते!"

मी हळूच एका कागदात डोकावलो. चौकोन, आकडे, आणि आकड्यांवर मका!

"मिर्ता," मी बायकोचा दंड धरला, "हे काय आहे?"

"बिंगो. तुला माहीत नाही? कार्डं पेर्पेतुआकाकूंनी वाटली."

पेर्पेतुआकाकू म्हणजे क्लबच्या बिंगोच्या सर्वेसर्वा. आपल्याला डावलून आकडे काढायला शहरातली बाई आणली म्हणून आधीच फुरंगटलेल्या. त्या तिसऱ्या रांगेत तोफेसारख्या बसल्या होत्या. आणि नेमकी बाईंनी "विहिरी एक्केचाळीस" म्हणायला आणि तोफ उडायला एकच गाठ पडली.

"बिंगोऽऽऽ!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ओतिलिआबाईंच्या हातातले कागद खाली पडले. "काय झालं? कुणाला बरं वाटत नाही का?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी व्यासपीठावर चढलो आणि कागदाच्या दोन्ही बाजूंची हकीकत सांगितली. एकच गलका! "म्हणजे हॅम नाही?" "फसवलं!" खुर्च्या सरकल्या. दामासोसाहेबांनी वही पुन्हा उघडून खोडरबर काढलं. एकेक माणूस उठला की साहेब एकेक रेघ पुसायचे!

मी बाईंकडे पाहिलं. नऊ वर्षांची मेहनत पायाशी विखुरली होती. मला वाटलं, आता रडतील. पण त्या कागद न उचलता पुढे आल्या आणि वर्गात बोलावं तसं म्हणाल्या, "बिंगो कुणाला लागला?"

"मला," पेर्पेतुआकाकू गुरगुरल्या. "हॅम घेतल्याशिवाय हलायची नाही."

"तुमच्या आजोबांचं आडनाव काय?"

"बेंताबेर्री. का?"

बाईंनी डोळे मिटले. "घर क्रमांक सत्तावीस. रुफिना बेंताबेर्री, विधवा, कपडे धुण्याचं काम. पदरी सात मुलं. त्यांतली चार तिची."

"आणि तीन?" काकूंचा आवाज उतरला.

"तापाच्या साथीत आईबाप गेलेली. गावानं दारं लावून घेतली होती, तेव्हा हिनं जाऊन उचलून आणली. गणतीदारानं समासात लिहिलंय, 'कोणती पोटची हे विचारलं, तर बाईनं सांगायला नकार दिला.' मला ते चर्चच्या वहीतून शोधायला दोन वर्षं लागली. सगळ्यात धाकटी आणलेली. तिचं नाव पेर्पेतुआ."

काकू उभ्याच राहिल्या. "आमच्यात दर पिढीला एक पेर्पेतुआ असते," त्या म्हणाल्या. "का, ते कुणालाच माहीत नव्हतं."

"सत्तावीस! मलाही बिंगो!" मागून कुणीतरी ओरडलं. "गप रे!" सगळे त्याच्या अंगावर धावले.

"हॅमचं राहू दे," काकू खुर्चीत बसत म्हणाल्या. "आणखी सांगा तिचं."

मग काय! "बाई, आमचं सांगा, ओलिवेरा!" "आमचं, पिरिस!" दाराबाहेर गेलेले खिडकीतून आत आले. बाई एकही कागद न उचलता सांगत होत्या. कोण भटारी, कोण पळून आलेला खलाशी, कोणाच्या अंगणात गावातलं एकमेव लिंबाचं झाड. अठ्ठ्याऐंशी घरं तोंडपाठ! कुणाचा पणजोबा गुलामगिरीतून सुटून आला आणि त्यानं गावातली पहिली विहीर खणली, हे ऐकून मघाचे बैलवाले आजोबा टोपी काढून उभे राहिले. तो त्यांचाच पणजोबा होता. आठ वाजले तरी कुणी हलेना. दामासोसाहेबांनी खोडरबर कधीच खिशात टाकलं होतं. आपलं आडनाव सांगायला ते रांगेत उभे होते!

अकरा वर्षं मी व्याख्यानं भरवली. व्याख्यान म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यांचं झालं. मग मी घसा खाकरून पुढे झालो. "बाई, आता आमचं होऊन जाऊ द्या. गोदोय!"

बाई चपापल्या. "तुमचं नंतर सांगते, फेर्मिन. खासगीत."

"खासगीत कशाला? गावासमोर होऊ द्या! आमचं घराणं जुनं आहे!"

"घर क्रमांक त्रेसष्ट," बाई अगदी हळू म्हणाल्या. "सिप्रियानो गोदोय. व्यवसाय, काही नाही. शेरा, 'फार बोलतो. गणतीला अर्धा दिवस इथंच गेला.'"

मग शेवटच्या रांगेतून मिर्ताचा स्पष्ट आवाज आला, "साहेब, लिहून घ्या. शिरगणती शंभर टक्के खरी आहे!"

आणि दामासोसाहेबांनी ते खरोखरच लिहून घेतलं.